ओळीच्या शेवटी

चि. छकुलीस,

काल दाढी करताना शाळेतली कविता मोठ्यानं चालीवर म्हटली, तर सूनबाईनं स्कूटरची किल्ली लपवून तुला फोन केला, "ताई, बाबांची गाडी परत सुटलीय!" तू लगेच, "बाबा, गोळी घेतलीत ना?"

अगं, माझा बायपोलर मला ठाऊक आहे. मन उधळतं तेव्हा ओळीच्या शेवटी थांबताच येत नाही. खचतं तेव्हा पहिली ओळच फुटत नाही. काल मी प्रत्येक ओळीला नीट थांबत होतो! रडलो तर आजार, हसलो तरी आजार. मग मी नुसतं खूश कधी व्हायचं? गोळी घेतली होती गं, आणि तरीही आनंद झाला होता.

हे पत्र टाकणार नाही. तरी आवरतं घेतो; लांबलेलं कधी तुझ्या हाती लागलं, तर तेही लक्षण धरशील.

ओळ संपली, थांबलो.
तुझा बाबा