आईच्या पोटऱ्यांवरचे वळ

प्रिय रुइ-फन,

परवा तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. बोलायला लागले असते तर तू रडली असतीस, मी तुझी समजूत घालत बसले असते आणि सांगायचं ते पुन्हा राहून गेलं असतं. पत्रात तुला मला अडवता येणार नाही. दुकानाचं शटर भरदुपारी खाली ओढून लिहायला बसले आहे.

फेब्रुवारीत आईच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला, हे तुला ठाऊक आहे. मोठ्या इस्पितळात आम्ही तीन तास बसलो आणि डॉक्टर भेटले दोन मिनिटं. कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाले, "साखर हाताबाहेर गेलीय. अंगठा काढावा लागेल, कदाचित पाऊलही. नर्सकडून तारीख घ्या." आईने काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाजारातला खाटीकसुद्धा डुकराचा खूर तोडताना विचारतो गं, कुठून तोडू म्हणून." मी हसले. ती हसली नाही.

तिथून आम्ही वैद्य कुओंकडे गेलो. त्यांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि म्हणाले, "आता पिशवी रिकामी करा." इस्पितळाच्या गोळ्या, इन्सुलिन, मी बाजारातून आणलेली कारल्याची पूड, सगळं टेबलावर मांडून घेतलं आणि एकेकाचं नाव लिहिलं. पूड बाजूला सारून विचारलं, "इन्सुलिनबरोबर ही घेताय, डॉक्टरांना सांगितलंत?" मी म्हटलं, त्यांनी विचारलंच नाही. "मग आपण सांगायचं. त्यांना माहीत नसेल तर साखर एकदम उतरून बाई कोसळतील, आणि दोष कुणाला देणार?" अंगठा माझ्या आवाक्यातला नाही, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं. दुसऱ्या सर्जनना दाखवा, पाऊल वाचेल का ते विचारा, कळेपर्यंत विचारा, लाजू नका. आणि इन्सुलिन बंद करा असं कोणी म्हणालं, मग तो कितीही मोठा असो, तिथून उठून यायचं. इतकं स्वच्छ सांगितलं होतं त्यांनी. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

आणि आठ दिवसांत मी आईला गुरू थियेनच्या शिबिराला नेलं. तुला सांगितलं होतं की हट्ट आईने धरला. तो मी धरला होता. एका गिऱ्हाइकाने पत्रक दिलं, त्यावर एका काळ्या पायाचा आणि एका गुलाबी पायाचा फोटो होता. दोन्ही पाय एकाच माणसाचे आहेत का, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. दुकानात एसी बसवायचा होता तेव्हा मी चार दुकानं फिरले होते, हमीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, ज्यांनी तो घेतला त्यांना फोन केले होते. आईच्या पायासाठी यातलं काही केलं नाही. त्या डॉक्टरांचा मला इतका राग आला होता की त्यांच्याविरुद्ध जो बोलेल तो खरा वाटत होता.

शिबिर डोंगरात होतं, बंद पडलेल्या चहाच्या कारखान्यात. चाळीस माणसं जोडीजोडीने बसून एकमेकांना थापडा मारत होती. मांड्यांवर, दंडांवर, कोपराच्या आतल्या मऊ जागेवर. पत्र्याच्या छपराखाली तो आवाज असा घुमायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. कातडी आधी लाल व्हायची, मग जांभळी, मग काळी. थियेन मधून फिरत सांगायचा, "हे काळं दिसतंय ते विष. ते आपणहून निघत नाही, मारून काढावं लागतं. तुमच्या सुया म्हणजे त्यात आणखी भर." इन्सुलिनची पेटी पहिल्याच सकाळी त्याने आपल्याकडे ठेवून घेतली. आईची जोडीदार मी होते.

पहिल्या दिवशी माझा हात उठत नव्हता. आईच डिवचायची, "हात आहे की भिजलेला पाव? मी तुला मारायचे ते असं मारायचे का?"

तू तेव्हा फार लहान होतीस. पिसांच्या झाडणीची ती वेताची दांडी तुला आठवत असेल तर फक्त धूळ झटकायची म्हणून आठवत असेल. भात करपला, गणितात गुण कमी पडले, बाबा पिऊन आले, काहीही झालं तरी ती माझ्या पोटऱ्यांवर उतरायची. एकदा मोडली, तर नवी आणायला तिने मलाच पाठवलं. तुला तिने कधी बोट लावलं नाही, त्याचा राग तुझ्यावर नाही. पण चाळीस वर्षांत आम्ही दोघी त्यावर एक अक्षर बोललो नव्हतो, आणि त्या दिवशी ती हसत हसत बोलली.

मग माझा हात चालायला लागला. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पोटऱ्याच धरल्या. तळहात सुजला तेव्हा मुठीने मारलं. कातडी फुटून रक्त माझ्या मनगटापर्यंत आलं. ती ओठ दाबून बसली होती. एकदा हळू म्हणाली, "शिउ, पुरे आता." मी थांबले नाही. मला बरं वाटत होतं, रुइ-फन. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. थियेन लांबून बघून सगळ्यांना म्हणाला, "बघा, लेकीची माया अशी असते."

तिसऱ्या दिवशी सकाळी आई ओकायला लागली. पाणी पाणी करत होती, धापा टाकत होती, श्वासाला सडत आलेल्या अननसाचा वास येत होता. थियेन म्हणाला, आतली सफाई चाललीय, पाणी देऊ नका. तिथे पेज रांधायला पान आडनावाच्या एक बाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या भांडं टाकून धावत आल्या, आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने पाणी पाजू लागल्या. मला म्हणाल्या, "हा वास मला ठाऊक आहे. माझा भाऊ असाच गेला. इन्सुलिन कुठाय हिचं?" मी त्यांना ढकललं. त्यांचं कपाळ भिंतीवर आपटलं. तरी त्या उठल्या आणि ॲम्ब्युलन्सला फोन त्यांनीच केला. घाटातून खाली यायला पाऊण तास लागला. इस्पितळाच्या दारात पोचलो तेव्हा आई गेलेली होती.

तिथल्या तरुण डॉक्टरने चादर वर करून पाय बघितले आणि विचारलं, "कोणी मारलं हिला?" मग पोलिसांनी तेच विचारलं. पान बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांच्या बाहीला आईचं रक्त लागलं होतं. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. तुलाही मग तेच सांगितलं.

अंत्यविधीला त्या पांढरी फुलं घेऊन आल्या तेव्हा तू काय केलंस ते तुला आठवतंच. दोन्ही गालांवर मारलंस, केसांना धरून दारापर्यंत फरफटत नेलंस, फुलं तोंडावर फेकलीस. मी हातात उदबत्त्या धरून बघत उभी होते. त्यांनी केस सावरले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि रस्त्यावरची चप्पल उचलून गेल्या.

गुरुवारी कोर्टात माझी साक्ष आहे. थियेनचा वकील म्हणतो की त्याने कुणालाही हात लावला नाही, आणि ते खरं आहे. मी काल जाऊन लिहून दिलं की माझा पहिला जबाब खोटा होता, आईला मी मारलं. इन्सुलिन बंद करणाऱ्या त्या माणसाला शिक्षा व्हावी, पण पान बाईंच्या आड लपून नव्हे. माझ्यावरही खटला भरतील, कदाचित तुरुंगातही जावं लागेल. वर्तमानपत्रात वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. कोर्टात ये असं म्हणत नाही. पण पान बाईंकडे जा. मी दोनदा गेले, त्यांनी दार उघडलं नाही, आणि का उघडावं? तू मात्र माझ्या शब्दावर हात उचललास. त्यांच्या दारात उभी राहा, आणि तुला कोणी सांगितलं होतं ते माझं नाव घेऊन सांग.

तू म्हणू देशील तोवर तुझीच,
शिउ-युन