देवासाठी खुडलेला शेंडा

अहो,

नमस्कार. देवाच्या कृपेने आम्ही मायलेकी खुशाल आहोत. पण मी चिडले आहे, तेव्हा अक्षर वाकडं येईल.

तुमचं पत्र वाचून लेकीने संशोधनाच्या नोकरीचा राजीनामा लिहून ठेवलाय. "झाडं आपोआप वाढतात, त्याला कॉम्प्युटर कशाला? बँकेत लाग," हे लिहिताना तुम्हाला काहीच वाटलं नाही?

गेल्या आठवड्यात पूजेसाठी मी तिच्या प्रयोगाच्या रोपाचा फुलासकट शेंडा खुडला. ती रडवेली झाली. मग तिने कॉम्प्युटरवर वाढवलेल्या तशाच रोपाचाही शेंडा काढला, तर पडद्यावर खालच्या दोन पानांच्या बेचक्यांतून फांद्या फुटल्या. आज कुंडीतही नेमके तिथेच कोंब आलेत! मी हात जोडले.

"आई, हे गणित आहे गं!"

"असू दे. मी जोडणारच."

राजीनामा मी अडवून धरलाय. पण ती माझं नाही, तुमचं ऐकते. म्हणून तिची माफी मागा, स्वतःच्या हाताने लिहून. तोवर मी लेकीकडून परत यायची नाही. रक्तदाबाची गोळी घेताय ना?

पाकिटाचा खर्च नको, पोस्टकार्ड पुरेल. माफीला फार जागा लागत नाही.

तुमचीच,
सौ.