स्वयंपाकघरातला वर्ग

सर, विभागातल्या जादा वर्गाला तुमचं नाव द्यायचा घाट घातला होता, तो मी हाणून पाडला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्हाला कोण काय कळवणार, हे मलाही समजतं. पण तुमच्याशी एकदा कडकडून भांडायचं राहून गेलं होतं. यवतमाळची ही पोरगी वर्गात तोंड उघडत नाही, अशी तुमची तक्रार असायची ना? घ्या, उघडलं.

रविवार सकाळचा तुमचा वर्ग. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो आम्ही, मराठीतून बी.ए. करून आलेले पाच-सहा जण, कुणी वाशीमकडचं, कुणी नांदेडचं. अर्थशास्त्राची इंग्रजी पुस्तकं डोक्यावरून जायची, म्हणून तुम्ही आम्हाला सदाशिव पेठेतल्या तुमच्या घरी बोलवायला लागलात. काकू ओट्यापाशी, तुम्ही पाटावर, आम्ही खाली चटईवर. तुम्ही एकेक परिच्छेद फोडून सांगताय आणि मध्येच काकू म्हणतात, "अहो, पोरांना आधी खाऊ द्या. तुमची ती मागणी न् पुरवठा कुठे पळून जात नाही." मग गरम पोहे, वरून ओलं खोबरं. बदल्यात तुम्ही कधी काही मागितलं नाहीत. मला सगळं मान्य आहे. केलेलं विसरणाऱ्यातली मी नाही, उगाच तसं समजू नका.

पण शनिवारी संध्याकाळी तुमच्याकडे दुसरी बैठक असते, हे आम्हाला दसऱ्याच्या सुमाराला कळलं. ती बाहेरच्या हॉलमध्ये. तिथे वर्गातली बोलकी मुलं यायची, नावाजलेल्या कॉलेजांतली, फाडफाड इंग्रजी बोलणारी. तिथे तुम्ही काही फोडून सांगत नव्हतात, त्यांच्याशी वाद घालत होतात. त्यांना विचारत होतात, तुम्हाला काय वाटतं? एका शनिवारी मी आणि माझी रूममेट धीर करून आलो. दार तुम्हीच उघडता. आतून हसण्याचा आवाज येतोय, कुणीतरी तावातावाने बोलतंय. तुम्ही आमच्याकडे बघता आणि अगदी मायेने म्हणता, "अगं, तुमचा वर्ग उद्या. उद्या या हं." आणि दार लोटून घेता. रागावला असतात ना सर, तर परवडलं असतं.

जिना उतरतानाच रूममेट म्हणाली, "त्याईले हॉल अन् आपल्याले स्वयंपाकघर. समजून राहिलं का तुले?" मी तुमची बाजू घेतली. म्हटलं, "परक्या माणसाला कुणी स्वयंपाकघरात नेतं का? ते आपल्याला घरचं मानतात." ती म्हणाली, "मंग घरच्याले कोणी इचारत नाही काय, तुले काय वाटते म्हणून?" दिवाळीला ती वाशीमला गेली ती परत आलीच नाही. रविवारच्या चटईवरची अजून दोन माणसं त्या वर्षात गळाली. तुम्ही हळहळलात. "यांना टिकून राहता येत नाही," असं म्हणालात.

तुमचं कुठे चुकलं, ते आता माझ्या लक्षात येतं. "माझ्या स्वयंपाकघरात कुणालाही मज्जाव नाही," असं तुम्ही भर वर्गात अभिमानाने सांगायचात. तुमच्या लहानपणी आमच्यासारख्यांना तुमच्या घराच्या ओसरीवरून आत पाऊल टाकता आलं नसतं. तुम्ही आम्हाला थेट चुलीपर्यंत नेलंत, त्यासाठी स्वतःच्या आईशी भांडलात, काकूंनी मला नंतर सांगितलं ते. तुमच्या दृष्टीने ती केवढी मोठी गोष्ट होती! पण सर, आम्ही तुमच्या स्वयंपाकघरात शिरायला पुण्याला आलो नव्हतो हो. आम्ही एम.ए. करायला आलो होतो. आम्हाला वाद घालायचा होता.

पुढे मी पहिली आले आणि तुम्हाला बरं सापडलं. जो येईल त्याला "ही बघा, आमच्या रविवारच्या वर्गातली" म्हणून माझी ओळख करून द्यायचात. गेलेल्यांची ओळख कोण करून देणार? मग मी त्याच विभागात शिकवायला लागले आणि तुमचा वर्गही स्वयंपाकघरातून विभागातल्या मागच्या खोलीत आला. पोहे गेले, बाकी सगळं तेच. पहिल्याच आठवड्यात इंग्रजीची चाचणी, आणि ज्यांना कमी गुण ते मागच्या खोलीत.

यंदा त्या खोलीत धाडलेली एक मुलगी तणतणत माझ्याकडे आली. तिचे वडील पंख्याच्या मोटारी दुरुस्त करतात, घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं. म्हणाली, "मॅडम, आमचं खानदान पेशव्यांच्या आधीपासून इथलं असेल, आणि मला बाहेरगावच्या मुलांबरोबर मागे बसवलंत? का तर माझं इंग्लिश वीक आहे?" मी म्हटलं, "म्हणजे बाहेरगावच्यांना बसवलं तर चालतं?" मग म्हणाली, "त्यांनाही नका बसवू. नाहीतर मी सोडते. दुकानात वडिलांना माणूस हवाच आहे." ती नुसती धमकी नव्हती. सोडून जायच्या आधी माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी एकदा जिन्यात पाहिलंय. आणि ही काही असामान्य हुशार वगैरे नाही, बरं का सर. बेताचीच आहे. बेताच्या मुलांनी शिकू नये की काय?

त्याच सुमारास विभागाची बैठक. विषय, त्या वर्गाला तुमचं नाव देणे. मी तुमची लाडकी, म्हणून दोन शब्द बोलायला मलाच उभं केलं. मी म्हटलं, "नाव द्यायचंच असेल तर मोठ्या सेमिनार हॉलला द्या, आणि तिथे सगळ्यांना एकत्र बसवा. पहिले दोन महिने सगळा वर्ग मिळून वाचेल, परिच्छेद फोडून. मराठी, हिंदी, इंग्रजी, ज्याला ज्यात जमेल त्यात बोलेल, आणि ज्यांना सगळं येतं तेही तिथेच बसतील. मागची खोली बंद करा." विभागप्रमुख चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे बाई, सरांनी तुम्हाला पोहे खाऊ घातले, हा त्यांचा गुन्हा?" सगळे हसले. मी म्हटलं, "पोह्यांबद्दल तक्रार नाही. खोलीबद्दल आहे." मग कुणी हसलं नाही. "म्हणजे सर चुकले, असं म्हणायचंय तुम्हाला?" "हो. चुकले." शब्द मी मागे घेतला नाही. शेवटी प्रमुख म्हणाले, "करा काय करायचं ते. निकाल घसरला तर तुम्ही निस्तरा." निस्तरेन की!

आता हॉलमध्ये नुसता गोंगाट असतो. इंग्रजीवाली मुलं कंटाळतात, तक्रारी करतात. करू देत. वारज्याहून येणारा एक जण तरीही सोडून गेला, त्याला मला थांबवता आलं नाही. पंखेवाल्यांची मुलगी मात्र अजून आहे. परवा तिने मला भर वर्गात अडवलं, "मॅडम, मला हे पटत नाही," आणि वीस मिनिटं हुज्जत घातली. तिचा मुद्दा चूक होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते बरंच आहे. कारण खरं सांगायचं तर, आज शनिवार आहे, आणि तुम्ही दार उघडून म्हणालात ना, "ये, हॉलमध्ये बस, तुला काय वाटतं ते सांग," तर हा सगळा राग गुंडाळून मी येईन. आणि तुम्ही मला एकटीलाच आत घेतलंत, तरीही येईन, याची मला भीती वाटते.