पिंपळपानावर कुऱ्हाड

१४ जानेवारी १९७९, संक्रांत

तोंडानं घात केला. रुळाखाली खडी ठोकत होतो. बाजूच्या बोराटीत तित्तर बोललं — आणि माझ्या तोंडातनं उत्तर गेलं! हुबेहूब मादीचं. नर पळत रुळापर्यंत आला. गँगमधली सगळी हसली. बसप्पा मुकादम तेवढा हसला नाही.

"धनगराच्या पोराला हे कुणी शिकिवलं रं तम्मा?"

मेंढरांमागं शिकलो म्हणालो. तम्मा म्हणजे त्याच्या कानडीत धाकटा भाऊ.

हजेरीत माझं नाव सिद्धनाथ, जात धनगर. पारधी सांगितलं असतं तर अक्कलकोट रोडच्या या गँगवर कुणी उभं केलं नसतं. कुणाची कोंबडी हरवली तरी आधी मला धरलं असतं.

तित्तर बोलायला बानं शिकवलं. फासे मांडायचे, आडोशाला बसायचं, मादी व्हायचं. बा गेल्यापासून तीन वर्षं तोंड गप ठेवलं होतं. आज कसं सुटलं कळत नाही.

२१ जानेवारी

थोरला चुलता आला. करमाळ्याहून इतक्या लांब. रुळाच्या पलीकडंच उभा राहिला. माझ्या अंगातला शर्ट बघून थुंकला.

"सायब झालास की."

मग बोलला ते आमच्या बोलीत. इथं मराठीत लिहितो, आमची बोली लिहायला कुठल्याच शाळेनं शिकवलं नाही.

"पुनवंला पंच बसणार हाईत. तुझा बा पालात हाय ही खबर गावाला कुणी दिली, त्याचा निकाल लागणार. नाव तुझ्या आईचं निघालंय."

"आई कशाला देईल?"

"न्हाय ना दिली? मग भ्यायचं काय? ये आन् कुऱ्हाड धर."

बाईनं कुऱ्हाड धरायची नसते. तिच्या वतीनं घरच्या बाप्यानं धरायची. हातावर पिंपळाची पानं, त्यावर लाल केलेलं पातं, आणि आखलेल्या रेघेपर्यंत चालायचं. हात निर्मळ निघाला तर आई निर्दोष. जळला तर दोषी. मग जातीत तिला विस्तव नाही, पाणी नाही. बजीलाही नाही. बजी माझी बहीण, चौदा वर्षांची. तिचं लगीन कोण लावील?

घरात बाप्या मी एकटाच.

२२ जानेवारी

कुणाला सांगणार? इथंच लिहितो. चौथीपर्यंत शिकलो त्याचा एवढाच उपयोग.

त्या सकाळी दंव पडलेलं. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर. आदल्या रात्री गावात दरोडा पडला होता. बा त्यात नव्हता. तो रात्रभर पालातच होता, दारू पिऊन आईच्या पाठीत काठी घालत होता. बजी मधी पडली तर तिलाही. ते रोजचंच होतं. माझ्याशी मात्र बा चांगला होता. फाशाची गाठ मारायला शिकवताना माझी बोटं धरायचा.

दिवस उगवायला आई घागर घेऊन पाण्याला गेली. ऊन वर आलं तशी माणसं आली. काठ्या, कोयते. बा म्हणाला, "पोरीला घे, ज्वारीत घुस."

घुसलो. बजीच्या तोंडावर माझा हात. दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. बा आधी माणसासारखा बोलला. म्हणाला, मी न्हवं, मालक, मी न्हवं. मग बोलला नाही, नुसता ओरडला. मग तेही नाही.

बजी माझ्या हाताला चावली होती, ते मला संध्याकाळी कळलं.

आई परत आली तेव्हा घागर रिकामी होती. गावानं विहिरीवर चढू दिलं नसेल.

आणि हे म्हणतात तिनं खबर दिली! एवढा मार खाऊन त्याच्या भाकरी थापणारी ती.

२८ जानेवारी

चहाचं भगुलं फडक्याशिवाय चुलीवरनं उतरवलं. हाताला लवकर कळत नाही.

६ फेब्रुवारी

बसप्पाकडं रजा मागितली.

"घरी काय काडलंय?"

"देवीचं हाय."

त्यानं माझा हात ओढून उताणा केला, अंगठ्यानं तळवा दाबला. "आलास तवा पहार धरली की फोड यायचे, कोपऱ्यात बसून रडायचास. आता बग, म्हशीचं कातडं. इस्तू धरशील इस्तू."

मी हात सोडवून घेतला.

निघालो तसा मागनं हळू म्हणाला, "तम्मा, माझ्या रानात तित्तरं लई हाईत. एकदा येऊन बोल की."

म्हणजे त्याला कळलंय. संक्रांतीलाच कळलं असणार. हजेरीतलं नाव मात्र तसंच आहे.

१० फेब्रुवारी, करमाळा

पालं गावाच्या बाहेर, ओढ्याला. बजी उंच झालीय. हसते. पूर्वी हसत नव्हती.

आई खंगलीय. माझा हात तिनं हातात घेतला, बघितला, सोडला.

"नको धरूस कुऱ्हाड."

"का?"

"जळंल."

"तू काय केलंस का? मग जळंल कसा?"

ती सरपण आणायला उठली. चुलीपाशी सरपण पुष्कळ होतं.

लई भितीय माझ्यासाठी. तिचा देवीवर एवढा विश्वास, आणि माझ्या हाताला भिते!

१२ फेब्रुवारी, पौर्णिमा

धरली.

पंचांनी ओली पानं ठेवली, वर सूत गुंडाळलं. कुऱ्हाड लाल होती, मग केशरी झाली. चिमट्यानं हातावर ठेवली. पानं चुरचुरली. वास आला, माझा का पानांचा कळेना. मी रेघेकडं बघून चाललो. पळायचं नसतं. रेघेपलीकडं टाकली तसं खालचं गवत पेटलं.

आईनं डोळे मिटले नव्हते. सगळ्या बाया मिटून होत्या.

हातावर फडकं बांधून शिक्का मारलाय. उद्या सोडणार.

१३ फेब्रुवारी

फडकं सोडलं. पंचानं तळव्यावर ज्वारीचे दाणे घासले, दाबून घासले. कातडं लाल, पण फोड नाही. "निर्मळ!" म्हणाला. बाया रडल्या. चुलत्यानं सगळ्यांदेखत आईच्या पायावर डोकं ठेवलं. बजीला दोन घरनं विचारणं आलं, आजच!

आई खुंटासारखी उभी.

देवीनं राखलं का पहारीनं, ते मी कुणाला बोललो नाही. आई निर्दोष होतीच. हात कुणी का राखला असेना.

१४ फेब्रुवारी

एसटी सुटायच्या टायमाला आई खिडकीशी आली. गर्दीत हळू म्हणाली, "मला वाटलं हुतं, नुसतं चौकीत नेऊन ठेवतील. चार दिस बजीला नीट झोप लागंल."

मग माझ्या हाताकडं बघितलं.

"देवी चुकली रं."