सरांच्या चाळीस ओळी

मंगळवार, संध्याकाळ. तळेगाव

आकडा बिटमध्ये, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिला की सुरुवातीला किती शून्यं येतात ते मोजणारा आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीतला कोड आज मी सोपा केला. देसाईसरांच्या चाळीस ओळी काढून एकच ओळ टाकली. त्या ओळीने प्रोसेसर स्वतःच मोजतो. सगळ्या चाचण्या पास झाल्या. खुशीत सरांना फोन लावला. निवृत्तीनंतर ते लोणावळ्यात असतात.

"छान केलंस," ते म्हणाले. "पण आकडाच शून्य असला तर?"

ते मी पाहिलंच नव्हतं. फोन ठेवून शून्य देऊन पाहिलं, तर उत्तर दर वेळी वेगळं. सरांच्या ओळींत शून्याची वेगळी सोय होती. चाळीस ओळी कशासाठी होत्या, हे न विचारताच मी खोडल्या. असं कसं केलं मी?

दुरुस्ती लगेच पाठवली, पण दुपारीच दोन टीमनी तो कोड घेतलाय. शेवटी त्यांना "चूक माझी आहे, तो कोड वापरू नका" एवढंच लिहिलं. तेवढ्याला अर्धा तास लागला.