नोमांडलाला निरोप नाही

२ जुलै

नाही म्हणजे नाही! शंभरदा विचार, उत्तर तेच. बालवाडीची भिंत पुन्हा रंगवायची नाही. ती आता थरावर थर चढून माझ्या नणंदेसारखी फुगलीय.

मझिमासी पाहुण्यांचं सगळं बघतो. परदेशातून पोरंपोरी येतात, थोडे दिवस आमच्या पोरांना शिकवतात, जातात. मग दुसरी येतात. म्हणतो, "मावशी, त्यांना काहीतरी काम नको का द्यायला?"

मग संडासाला दार बसव म्हणावं की! आत कुणी आहे हे कळावं म्हणून पोरं तिथं बसून गाणी म्हणतात.

तर हा म्हणतो, "दाराचा फोटो चांगला येत नाही."

डोकं फिरलं. बालवाडीत रांधते मी; पोरांचं जेवण करपलं ते त्याच्यामुळे.

वर ह्या वेळची पाहुणी माझ्याच घरात घातलीय. डेन्मार्कची. तिचं नाव माझ्या दातांत अडकतं. अर्धी बादली उचलताना धापा टाकते, म्हणून मी तिचं नाव ठेवलं नोमांडला — ताकदवाली! तिला फार आवडलं. सगळ्यांना सांगत फिरली. वस्ती हसून मेली.

५ जुलै

नोमांडलाला सांगितलं, आमच्यात कोंबडीला नमस्कार केल्याशिवाय अंडं उचलत नाहीत. रिवाज आहे.

उकिडवी बसली, हात जोडले नि कोंबडीला विचारलं, "रात्री झोप झाली का?"

मी शेगडीमागं तोंड लपवलं. शेजारीण म्हणते, विधवेनं एवढं हसू नये. मी म्हणलं, माझा म्हातारा तर मला हसवूनच गेला, आता बंद करून कुणाचं भलं?

८ जुलै

आता बालवाडीतली सगळी पोरं माझ्या कोंबडीला नमस्कार करतात. रांग लावून! कोंबडीनं अंडी द्यायची सोडली. माझंच माझ्या अंगलट आलं.

११ जुलै

माझी नात लुलामा तिला गोचिडासारखी चिकटलीय. नोमांडला न्हायला गेली तरी ही दाराबाहेर बसून तिला गोष्ट सांगते.

मला हेच नको होतं. लुलामाची आई — माझी लेक नोसिबा — जोहान्सबर्गला गेली ती गेली. ईस्टरला फोन येतो. मार्चात आधीचा पाहुणा, तो लाल केसांचा पोरगा, गेला, तेव्हा मझिमासीनं निरोपाचा नाच ठेवला होता. सगळी रडली. लुलामानं जेवण टाकलं, आजारी पडली. पुन्हा तसं झालं तर त्या लेकराचं काय? नोमांडला पुढच्या शनिवारी जाणार.

१२ जुलै

आमच्याकडं जुलै म्हणजे ऐन हिवाळा, थंडीनं हाडं वाजतात. नोमांडलानं भोपळा सोलला. सोलून सोलून भोपळाच उरला नाही.

१५ जुलै

मझिमासी आला. "मावशी, शुक्रवारी निरोपाचा कार्यक्रम."

"काय करणार त्यात?"

"पोरं नाचतील. मग ती रडेल. मग पोरं रडतील."

"मग?"

"मग फोटो."

लाटणं हाताशी नव्हतं म्हणून वाचला.

संध्याकाळी नोमांडलाला बसवलं नि तोंड गंभीर करून सांगितलं — आमच्यात जाणारा पाहुणा निरोप घेत नाही. पहाटे उठायचं, मागं न बघता निघायचं. निरोप घेतला तर घरातलं लेकरू आजारी पडतं. रिवाज आहे.

पोरगी रडायला लागली. मग हळूच विचारलं, "कोंबडीचाही नाही घ्यायचा?"

"कोंबडीचाही नाही."

ती शहाणी सगळं ऐकते. कार्यक्रमाला नको म्हणून मझिमासीला तिनंच सांगितलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी चमचे मोजत असल्यासारखं केलं.

२० जुलै

गेली. दार वाजलं ते मी पांघरुणातून ऐकलं. उठले नाही.

नंतर बघितलं तर बादली भरून ठेवलेली. काठोकाठ!

लुलामानं विचारलं, "ती कुठंय?" मी म्हणलं, दुकानात गेलीय. दुसरं काही सुचलंच नाही.

२१ जुलै

लुलामा पायरीवर बसून आहे. दुकानाच्या वाटेकडं तोंड. आंबट दुधातला मक्याचा भुगा केला, तिचा लाडका. अर्धा खाल्ला, अर्धा झाकून ठेवला — "तिला." मी ओरडले. मग ओरडले म्हणून स्वतःवरच चिडले.

मझिमासी येऊन उभा. "मावशी, हा कुठला रिवाज? मी इथंच जन्मलो, मला कसा माहीत नाही?"

"तू फोटो काढत होतास तेव्हा," म्हणलं. "जा, संडासाचं दार बसव."

२२ जुलै

आज लुलामानं झाकलेलं ताट उचलू दिलं नाही. म्हणाली, "माखुलू, आजी गं, ती वाट चुकलीय. आपण तिला पोचवायला गेलोच नाही ना!"

पाच वर्षांची पोर. तिला ठाऊक आहे.

मझिमासी खरंच दार घेऊन आला. ठोकत बसलाय. मला भांडायलाही कुणी उरलं नाही.

२३ जुलै

असला रिवाज आमच्यात नाही. मी रचला. आमच्यात पाहुण्याला अर्ध्या वाटेपर्यंत पोचवतात, तो परका असला तरी. नोसिबाला मी टॅक्सीच्या अड्ड्यापर्यंत पोचवलं होतं, नि तिथून एकटी परत आले होते.

नि मार्चातलं वर खोटं लिहिलंय. लुलामा दुपारपर्यंत विसरून खेळायला गेली होती. जेवण टाकलं होतं ते मी.