बारावा ओक

स्केल्डबी, २० एप्रिल १९५६

चि. हेस्टरला अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या आईचा गुडघा काय म्हणतो? तुझा खोकला गेला का? आणि तुझ्या सिरिलची ती सायकल अजून जिवंत आहे ना? मी ठणठणीत. फक्त पाद्रीबुवांशी भांडून घसा बसलाय. ते म्हणतात, तुमचं आडनाव ट्वेल्व्हट्रीज म्हणजे बारा झाडं हे खरं, पण गावच्या शिवेवर ओक अकराच आहेत. मी म्हटलं, आमचा मूळपुरुष त्या बारा ओकांपाशी राहायचा, म्हणून गावाने त्याला हे नाव दिलं. तो काय मोजण्यात कच्चा होता?

लग्नानंतर तू सिरिलचं आडनाव लावून पास्क होणार, म्हणजे माझ्यामागे हे आडनाव संपलं. तेव्हा पैज लावतो. सगळं गाव शीव तपासत फिरतं त्या शिवफेरीच्या दिवशी बारावा सापडला, तर सिरिलने आपलं आडनाव घ्यायचं. नाहीतर मी मुकाट्याने लग्नाचा केक खाईन.

तुझा ॲम्ब्रोजकाका

लिंकन, २५ एप्रिल

ती. काकांस कृ. सा. न. वि. वि.

खोकला गेला. आईचा गुडघा पावसाची बातमी देतोय, म्हणजे ठीक आहे. पैज ऐकून सिरिल पोट धरून हसला आणि कबूल म्हणाला. त्याचे वडील मात्र गुरगुरले, दुकानाची पाटी कोण बदलणार म्हणून. मला तर पास्क व्हायची घाईच आहे. पानगळ आली की वर्गातली पोरं विचारतात, बाई, आज तुमची किती पानं पडली? तुमच्या अकराही झाडांना नमस्कार. हरलात तरी लोभ तेवढाच ठेवा.

तुमची हेस्टर

स्केल्डबी, ११ मे

चि. हेस्टरला आशीर्वाद.

काल शिवफेरीला सिरिल न सांगता हजर! तुला ठाऊक होतं ना, लबाडे? काठ्यांनी शिवेचे दगड बडवत निघालो. ओक अकराच भरले. पाद्रीबुवा गालात हसत होते. शेवटच्या दगडाशी रिवाजाप्रमाणे नवख्याला उलटं धरून डोकं टेकवायचं, म्हणजे त्याला शीव जन्मभर आठवते. चौघांनी सिरिलला उचलला. चष्मा, चिल्लर, सँडविच सगळं ओघळलं. डोकं काट्यांत, पाय आभाळात. आम्ही हसतोय, तोच खालून आवाज आला, "काका, इथे एक बुंधा आहे. ओकच दिसतोय."

झुडपं तोडली. गाडीच्या चाकाएवढा बुंधा! मी नाचलो, आता कंबर धरलीय. पाद्रीबुवांनी टोपी काढली, त्यांच्या कुत्र्याने सँडविच खाल्लं.

मग चहा पिताना डोक्यात आलं, तो बुंधा एकट्या सिरिललाच दिसला होता. गप्प बसता तर पैज त्याची होती. तसं विचारलं, तर कपाळातले काटे काढत म्हणाला, "बारावा होता ना काका, मग अकरा कसे म्हणू?"

पोरी, पैज मी मोडली. आडनाव कुठलंही लाव, हा मुलगा तेवढा सोडू नकोस.

जाताना सायकलवर बसता बसता तो हळूच विचारत होता, एवढं लांब नाव दुकानाच्या पाटीवर मावेल का. त्याला काय सांगू? उलट टपाली कळव.

तुझा ॲम्ब्रोजकाका